जड डबा, हलका डबा आणि आपलं 'चालेल'

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघा अजून कुरकुरतो, त्यामुळे अर्धीच वाकले आहे; उरलेला अर्धा नमस्कार तू समजून घे.) भाऊजींनाही नमस्कार, आणि त्यांच्या पाठीला वेगळा. ती आता कशी आहे? लेकीची परीक्षा झाली का, आणि झाली असेल तर बरी गेली असं ती म्हणते की तू म्हणतेस? तुझं पित्त, तुझी कुंडीतली मिरची, वरच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेला तुझा पाण्याचा वाद, सगळ्यांची सविस्तर खुशाली कळव. इकडे सगळं ठीक. पत्राला तसं काही कारण नाही. सहजच लिहिते आहे. (माझ्या 'सहज'वर तुझा विश्वास बसत नाही हे मला माहीत आहे, तरी पुढे वाच.)

तू म्हणशील, हातात फोन असताना ही बाई कागद कशाला काळे करते आहे. तर फोनचं असं आहे, ताई, की तू भांडी आवरताना बोलतेस, म्हणून स्पीकर लावतेस, म्हणून भाऊजींना सगळं ऐकू जातं, आणि भाऊजींना ऐकू गेलं की त्यांना मत सुचतं. शिवाय माझं वाक्य निम्म्यावर आलं की तू 'चालेल, चालेल' म्हणून मोकळी होतेस. पत्रात तुला असं मध्येच म्हणता येणार नाही. म्हणजे येईल, पण मला ते ऐकू येणार नाही, एवढंही मला पुरे.

'चालेल'चा विषय निघालाच आहे म्हणून मागच्या आठवड्यात आपण सगळे एकाच वेळी फोनवर होतो त्याची आठवण करून देते. आई दिवा बदलायला स्टुलावर चढली, घसरली, कंबर दुखावली (आता ती पुन्हा स्टुलावर चढण्याइतकी बरी आहे, हीच काळजी आहे), आणि त्यावरून दादाने सुचवलं की आईने चपलांच्या दुकानामागच्या त्या दोन खोल्या सोडाव्यात आणि कायमचं त्याच्याकडे, पाचव्या मजल्यावर, राहायला यावं. तिच्या शिलाई मशीनला तिथे जागा नाही, ते कुणा गरजूला देऊन टाकावं. दादाने आधी तुला विचारलं, कारण तू मोठी. तू म्हणालीस, "चालेल." मग वहिनी म्हणाली, "चालेल की." मग मी म्हणाले, "चालेल." मग त्याने आईला विचारलं, आणि आई म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना चालत असेल तर मला काय, चालेल." झालं. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण सगळे आईकडे जमणार, आणि संध्याकाळी घरमालकांना बोलावून खोल्या सोडतो म्हणून सांगणार. दादा बसडेपोत वेळापत्रकं बनवतो हे तो घरी आल्यावरही विसरत नाही. सामान हलवायचंसुद्धा वेळापत्रक त्याने सगळ्यांना पाठवलंय, ते तुलाही मिळालं असेल. त्यात सकाळी कपाट, मग पलंग, मग भांडी, आणि दुपारच्या रकान्यात नुसतं 'आई' असं लिहिलंय. पण ते असो.

ते असोच. मी तुला माझ्या नव्या उद्योगाबद्दल सांगायला बसले आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात मानसशास्त्राच्या कपाटांपाशी बसते, हे तुला ठाऊक आहे. (भाऊजी मात्र अजून सगळ्यांना सांगतात की मी वेड्यांच्या दवाखान्यात आहे. त्यांना एकदा समजाव, किंवा नको, त्यात फारसा फरक नाही.) तिथे एक संशोधन करणाऱ्या बाई आहेत. सगळे त्यांना नुसतंच 'बाई' म्हणतात. उंच, कायम घाईत, आणि चष्मा डोक्यावर सरकवून तोच चष्मा टेबलावर शोधणाऱ्या. बाईंचा अभ्यास असा, की चार माणसांनी एक गोष्ट म्हटली की पाचवा माणूस स्वतःचे डोळे, कान, हात गुंडाळून ठेवून त्यांच्यासारखंच का म्हणतो. फार वर्षांपूर्वी कुणीतरी हे लहानमोठ्या रेघा दाखवून करून पाहिलं होतं म्हणे. बाईंनी रेघांऐवजी पत्र्याचे दोन डबे घेतले. दिसायला अगदी सारखे, एकाच्या झाकणावर लाल ठिपका, दुसऱ्याच्या निळा. एकात वाळू ठासून भरलेली, दुसरा जवळजवळ रिकामा. ते दोन्ही डबे गोल टेबलाभोवती हातोहात फिरतात आणि प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं, जड कोणता. बस, एवढंच. कुणी म्हणेल, यात संशोधन ते काय, हे तर भाजी घेणाऱ्या कुणालाही येतं.

गंमत पुढे आहे. टेबलाभोवती बसलेल्या सहा जणांपैकी पाच जण 'आतले' असतात, म्हणजे बाईंचे. आणि एकच 'बाहेरचा', म्हणजे खरा. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपण सहा जण सारखेच, इमारतीच्या दारावरची 'प्रयोगासाठी माणसं हवीत' ही पाटी वाचून आलेले. पहिले एकदोन वेळा आतले सगळे खरं सांगतात. मग बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला, की ती खूण. खूण झाली की पाचही जणांनी छातीठोकपणे रिकामा डबा जड आहे म्हणून सांगायचं, आणि बाहेरचा काय म्हणतो ते बाई लिहून घेणार. आतल्यांपैकी एकाला गालगुंड झालं म्हणून बाईंनी मला ग्रंथालयातून उचलून नेलं. तुमचा चेहरा विश्वास बसेल असा आहे, म्हणाल्या. मी इतकी हरखले की पुस्तकांवर शिक्का मारायचा सोडून स्वतःच्या हातावर मारून घेतला.

आमच्यात एक नाटकवाले काका आहेत. हौशी नाटकात फौजदार आणि न्यायाधीश अशा भूमिका करतात, दोन्हीत मिशी तीच. ते रिकामा डबा उचलताना 'हुश्श' करतात, कण्हतात, एकदा तर दुसऱ्या हाताचा आधार घेतला. बाईंनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, काका, जरा कमी. तेव्हापासून ते फक्त कपाळावरचा घाम पुसतात. पहिल्या दिवशी आमच्या टेबलाशी बाहेरचे म्हणून व्यायामशाळेचे मास्तर आले. दंड हे असे, की सदऱ्याची बाही त्यांच्यावर रुसून वर सरकली होती. खूण झाली, डबे फिरले. नाटकवाले काका म्हणाले, "निळा." पुढची म्हणाली, "निळा." मी म्हणाले, "निळाच." मास्तरांनी दोन्ही डबे उचलले, लाल डब्याखाली मनगट सरळ सरळ वाकलं, आणि ते थांबले. आमच्याकडे बघितलं. डब्यांकडे बघितलं. मग स्वतःच्या दंडाकडे असं बघितलं, जसं काही तो दंड घरातलं काही चोरून विकून आला आहे. आणि बारीक आवाजात म्हणाले, "निळा." ताई, निळ्यात काही नव्हतं. झाकण होतं. मला हसू यायला हवं होतं, पण मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. (बाई नंतर प्रत्येकाला सगळं खरं सांगतात, चहा देतात आणि मनापासून माफी मागतात. मास्तर चहा पिऊन म्हणाले, "हुश्श. मला वाटलं, म्हातारपण आलं.")

आता मी तुला जे सांगते ते कुणाला बोलू नकोस, निदान भाऊजींना तरी. काही दिवसांनी मला तो रिकामा डबा खरंच जड लागायला लागला. म्हणजे मला माहीत होतं की आधीचे खोटं बोलताहेत, मला माहीत होतं की मीही खोटं बोलणार आहे, डब्यात वाळू भरली तीच मुळी मी. तरी तिघांनी ओळीने 'निळा' म्हटलं आणि डबा माझ्या हातात आला, की माझा हात खाली जायचा. मी घाबरून बाईंना सांगितलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझ्यासाठी वहीत वेगळं पान उघडलं. त्यांनी समजावून सांगितलं, की काही माणसांना खरं दिसत असतं पण वेगळं पडायचं नसतं म्हणून ती सगळ्यांसारखं बोलतात. काहींना वाटतं, एवढे जण म्हणताहेत त्या अर्थी चूक आपलीच. आणि अगदी थोड्यांचा हातसुद्धा मान डोलावतो. मी तिसऱ्या जातीची. मी विचारलं, हे बरं आहे की वाईट? बाई म्हणाल्या, हे दुर्मीळ आहे. डॉक्टर असं म्हणाले की आपण घरी येऊन झोपतो, नाही का, तशी मी घरी येऊन झोपले.

बाईंच्या खुणेने एकदा सगळा घोटाळा केला तेही सांगते. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. नाक शिंकरायला म्हणून त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला, आणि आमच्यातल्या दोघांनी ती खूण समजून खोटं सांगितलं, बाकीच्या दोघांनी सर्दी समजून खरं सांगितलं, आणि नाटकवाले काका ऐनवेळी गोंधळून म्हणाले, "दोन्ही, थोडे थोडे." त्या दिवशीच्या बाहेरच्या होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी डबे टेबलावर आपटले, आणि आमच्यावरून नजर फिरवून म्हणाल्या, "तुमच्यात कुणाचंच लक्ष नाही. पुन्हा उचला, आणि या वेळी शेजाऱ्याचं बघून सांगायचं नाही." ताई, आम्ही पाचही जणांनी निमूटपणे पुन्हा उचलले आणि बरोबर उत्तर दिलं. बाईंनीसुद्धा दिलं, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

मग आली माझी बढती. बाईंना आता हे बघायचं होतं, की चार जण खोटं बोलत असताना एकाने, फक्त एकाने, खरं सांगितलं तर बाहेरच्याचं काय होतं. या एकाला बाई 'सोबती' म्हणतात. सोबती व्हायला बाईंनी मला निवडलं. चारही जण रिकाम्या डब्याला जड म्हणणार, मग माझी पाळी, मी खरं सांगायचं, आणि माझ्यानंतर बाहेरचा. मी म्हटलं, यात काय, खरंच तर सांगायचंय. त्या दिवशी बाहेरच्या म्हणून एक परिचारिका आल्या होत्या, हात धुऊन धुऊन पांढरे पडलेले, चेहरा थकलेला पण हसरा. एक म्हणाला, निळा. दुसरी म्हणाली, निळा. तिसरा, निळा. नाटकवाले काका घाम पुसून, निळा. डबे माझ्या हातात आले. लाल डबा जड होता. मला माहीत होतं तो जड आहे. मला बोलायचा होता तो एकच शब्द, तोही दोन अक्षरी. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून शब्द आला, "कुठलाही चालेल."

मग नाटकवाले काकांनी मिशीत तोंड लपवलं, परिचारिकाबाईंना हसू फुटलं, आणि बाई वही मिटून खिडकीकडे गेल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. नंतर त्या मला म्हणाल्या, इतक्या वर्षांत खरं सांगणारे बघितले, खोटं सांगणारे बघितले, पण पानात वाढून घेताना द्यावं तसं उत्तर देणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. कुठून आणलंत हे? मी म्हटलं, घरून.

घरूनच, ताई. तू विचार करून बघ. आपल्या घरात 'हो' आणि 'नको' हे दोन्ही शब्द कुणी वापरले असतील तर पाहुण्यांनी. आपण सगळे 'चालेल'वर वाढलो. हो म्हणायचं असलं की चालेल, नको म्हणायचं असलं की जरा लांबवून चाऽलेल, आणि भांडण काढायचं असलं तर 'मला काय, काहीही चालतं.' ते शेवाळी पडदे आठवतात? बाबांनी कुठूनसं कापड आणलं, सगळ्यांना विचारलं, सगळे म्हणाले चालेल, आईने शिवले, आणि आपलं सगळं बालपण तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं गेलं. दादाच्या मित्राला तर वाटायचं, आपल्या घरात कुणीतरी आजारी आहे. मग एक दिवस बाबाच ते फाडून फरशी पुसायला घेताना म्हणाले, "मला हे कधीच आवडले नाहीत, पण तुम्हा सगळ्यांना आवडायचे ना." आणि आई शिवता शिवता म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला आवडतात." बाईंना हे सांगितलं तर त्या वही घेऊन थेट तुझ्याकडे येतील, म्हणून सांगितलं नाही.

बाईंनी मला दुसरी संधी दिली. या खेपेला बाहेरचे म्हणून एक लिफ्टदुरुस्तीवाले आले. पन्नाशीचे, कानामागे पेन्सिल, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेले, जणू ती कुणाच्या तरी मालकीची आहे. चौघांनी ओळीने निळा म्हटलं. मी त्या गृहस्थांकडे बघितलं तर त्यांचं तोंड आधीच 'नि' म्हणायला लागलं होतं. मग माझी पाळी. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "लाल." इतक्या बारीक आवाजात, की बाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "लाल. लाल जड आहे." आणि ताई, त्या माणसाने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "लालच की हो!" म्हणाले, "लालच! मघापासून हात तेच सांगतोय." आणि मग ते जे बोलायला लागले ते थांबेनात, खुर्चीत मागे टेकून बसले, नाटकवाले काकांना म्हणाले, तुमचं मनगट एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. नंतर जिन्यात मला गाठून म्हणाले, "ताई, बरं झालं तुम्ही बोललात. नाहीतर मी पण निळा म्हटलं असतं आणि घरी जाऊन बायकोशी उगीच भांडलो असतो." मी सोबती आहे, पगारी आहे, हे त्यांना तोवर सांगून झालं होतं. तरी ते आभार मानत होते. मी खाली उतरले, ग्रंथालयात माझ्या खुर्चीत बसले, आणि मला रडू आलं. का, ते तुला कळलं असेल. तुला माझं नेहमी कळतं, फक्त तसं बोलून दाखवत नाहीस.

असो. बाई म्हणतात, एक सोबती मिळाला की बहुतेक माणसं खरं बोलतात. तो सोबती हुशार असायला लागत नाही, धीट असायला लागत नाही, फक्त आधी बोलायला लागतो. हे मी सहज सांगितलं. तुझ्या पित्तावर मला कुणीतरी सकाळी कोमट पाणी सांगितलंय, तेही तुला लगेच सांगायचं होतं. भाऊजींना माझ्या वतीने पाठ सरळ ठेवायला सांग. लेकीला पापा. अर्धा राहिलेला नमस्कार इथे पुरा करते.

तुझीच,
धाकटी

ता.क. : पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं. वर 'सहज' लिहिलंय ते खोटं आहे. ताई, रविवारी दादा आधी तुला विचारणार, कारण तू मोठी. तेव्हा तू 'मला हे पटत नाही' असं म्हणशील का? एवढंच. आई त्या खोल्यांतून हलली तर तिचं काय उरेल ते मला दिसतं. सकाळी दार उघडलं की तिच्याकडे कुणीतरी पँट आखूड करायला, कुणीतरी चेन बदलायला, कुणीतरी नुसतं बसायला येतं. पाचव्या मजल्यावर तिच्याकडे कोण येणार, लिफ्टवाले? तू 'बघू' म्हणू नकोस, 'तसं चालेल, पण' म्हणू नकोस. 'पटत नाही' म्हण. तुझ्या मागोमाग मी लगेच म्हणते. मला पहिलं बोलता येत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध झालं आहे.

ता.क. २ : पाकीट पोस्टात टाकायला निघाले तर वहिनीचा फोन. तुला माहीत आहे, ती मला एरवी 'धाकटे' म्हणते. 'वन्सं' म्हणाली की समजायचं, प्रकरण गंभीर. म्हणाली, "वन्सं, एक बोलू? कुणाला सांगणार नसाल तर." (म्हणून तुला सांगते.) म्हणाली, "तुम्ही तुमच्या ताईंना सांगा ना, रविवारी नाही म्हणायला. त्या मोठ्या आहेत, त्यांचं सगळे ऐकतात." मी विचारलं, का गं, तुला आई नको आहे? तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "मला आई हव्यात हो, पण त्या आमच्याकडे आल्या की पाहुण्यासारख्या बसतात, हात मांडीवर ठेवून. मला बघवत नाही. आणि तुमचे दादा मेजरटेप घेऊन रोज गॅलरी मोजताहेत, मशीन मावतं का ते. मावत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. मी म्हटलं, मग कशाला नेताय त्यांना? तर म्हणाले, बहिणींना वाटेल की एकुलता मुलगा असून आईला बघत नाही." ताई, म्हणजे दादाने आपल्यासाठी सुचवलं, आपण दादासाठी चालेल म्हटलं, वहिनीने दादासाठी, आणि आईने सगळ्यांसाठी. हे घर बाईंच्या हाती लागलं तर त्यांना डबे लागणार नाहीत.

ता.क. ३ : वरची विनंती रद्द समज, किंवा समजू नकोस, काय ते शेवटपर्यंत वाचून ठरव. वहिनीचा फोन ठेवला आणि मला राहवेना. दुपारची वेळ होती, मी आईला फोन लावला. मागे मशीनचा आवाज येत होता. मी विचारलं, "आई, तुला दादाकडे जायचंय?" आई म्हणाली, "चालेल की." मी म्हटलं, "चालेल का ते नाही विचारलं. तुला हवंय का?" मशीन थांबलं. मग आई म्हणाली, "नको गं."

मला इतका आनंद झाला, ताई, की मी ओरडलेच, "अगं, मग झालं तर! कुणालाच नकोय!"

आणि आई म्हणाली, "म्हणजे मी कुणालाच नको?"

मला कुणीतरी बोलण्याची वाट बघायची सवय. तू बोलशील, दादा बोलेल, वहिनी बोलेल, आणि मग मी त्याला मान डोलावीन. पण फोनवर दुसरं कुणी नव्हतं. एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला मी होते. म्हणून मलाच बोलावं लागलं. मी म्हटलं, "आई, तू मला हवी आहेस. माझं कुठलंही फाटलं, तुटलं, बिघडलं की मी तुझ्या दारात येऊन उभी राहते ना, ते मला हवं आहे. तू दादाच्या घरात पाहुणी म्हणून नको आहेस. तुझ्या घरात तू हवी आहेस, आणि आम्ही पाहुणे. दिवा बदलायला मी येईन, दर वेळी येईन, तू स्टुलाला हात लावलास तर मात्र बघ." बाईंना पुन्हा विचारावं लागलं नसतं, एवढा माझा आवाज मोठा होता.

आईने नाक ओढलं. मग माझी आई मला काय म्हणाली सांगू? म्हणाली, "हे तुझं तू बोलतेस, की ताईने बोलायला लावलं?"

मी म्हटलं, माझं मी. तर म्हणाली, "बघ हं. ताईला भूक नसली की तुलाही नसायची. तिला झोपवून मग तुला वेगळं जेवायला घालायचे मी." मी म्हटलं, आई, शपथ, माझं मी. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मग ऐकलं मी तुझं. दादाला मी स्वतः विचारते, आत्ताच लावते त्याला. ताईला तू विचार, तिचं तिला काय वाटतं. पण तुझं तिला आधी सांगू नकोस हं. नाहीतर ती पुन्हा चालेल म्हणेल."

तर ताई, म्हणून विचारते. आईने त्या खोल्यांतच राहावं की दादाकडे जावं, तुला खरं काय वाटतं? मनापासून, एका ओळीत लिही आणि उलट टपाली पाठव. फक्त एक कर. वरचं सगळं न वाचता उत्तर दे.